गच्चीवरचं ऊन आणि घरचा जमाखर्च

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर एक कागद तीन दिवस पडून होता. मीठ, लोणच्याची बरणी आणि तो कागद. कागद सौर पॅनेल बसवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या दरपत्रकाचा होता आणि तो पुण्याहून आमच्या मुलानं धाडला होता. साताऱ्यातल्या आमच्या बैठ्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचा संच, किंमत १,९०,००० रुपये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली होती. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं एकूण ७८,००० रुपयांचं अनुदान. मुलाचं म्हणणं, आई, डोळे मिटून सही कर. नवऱ्याचं म्हणणं, मुदत ठेव मोडायची नाही. आणि मी, जिनं पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर सह्या केल्या, ती मीठ उचलायच्या निमित्तानं तो कागद पुनःपुन्हा वाचत होते.

पर्यावरण राखणं आणि पैसा राखणं या दोन गोष्टी एकच आहेत, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. वीज वाचवा, पैसे वाचवा. झाडं लावा, बिल घटवा. ऐकायला छान वाटतं. पण ज्यानं आयुष्यभर जमा आणि खर्च अशा दोन बाजू मांडल्या, त्याला या वाक्याची थोडी धास्तीच वाटते. या दोन वाटा काही अंतर बरोबर जातात हे खरं. पण पुढे त्यांना फाटा फुटतो, आणि त्या फाट्यावर कोण उभं आहे यावर सगळं अवलंबून असतं.

आधी दरपत्रकाबद्दल. आमच्या घरात महिन्याला सरासरी तीनशे युनिट वीज लागत होती आणि बिल तीन हजारांच्या आसपास येत होतं. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जरा जास्त. म्हणजे तीन किलोवॅटमध्ये आमची गरज भागून थोडी वीज शिल्लकच पडली असती. अनुदान वजा जाता खर्च १,१२,०००. हीच रक्कम सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवली, तर वर्षाला ७,८४० रुपये व्याज, त्यावर पुन्हा कर. गच्चीवर ठेवली, तर वर्षाला तीसेक हजारांची बचत, आणि वाचलेल्या बिलावर कुणी कर लावत नाही. हिशेब इतका सरळ दिसतो, की न करणारा वेडा वाटावा.

पण नवऱ्याच्या हट्टातही अर्थ होता. ठेवीची मुद्दल मुदतीनंतर परत मिळते; पॅनेल पंचवीस वर्षं चालली तरी त्यांचा घसारा होत राहतो, आणि इन्व्हर्टर त्यांच्यापेक्षा पुष्कळ आधी बदलावा लागतो. शिवाय ठेव रात्री दोन वाजता उपयोगी पडते. दवाखान्यात अनामत रकमेच्या खिडकीवर पॅनेल जमा करून घेत नाहीत. निवृत्त माणसाच्या घरात पैसा किती आहे यापेक्षा तो किती लवकर हाताशी येतो, हे जास्त महत्त्वाचं. तरुण सल्लागारांना हे सहसा सुचत नाही, कारण त्यांचा पगार एक तारखेला येत असतो. त्यात नेट मीटरिंगचे नियम आज आहेत तसेच पंचवीस वर्षं राहतील, असं कुणी लिहून देत नाही.

मग आम्ही एक जुनी युक्ती केली. बँकेत कुणी मोठ्या कर्जासाठी आला, की आमचे एक साहेब त्याला आधी विचारत, “गरज किती आहे ते पाहिलंत, की मिळतंय किती ते पाहिलंत?” आम्ही गरज पाहायला बसलो. बैठकीच्या खोलीतला पंखा पंचाहत्तर वॅटचा, दिवसाला बारा तास चालणारा. त्याच्या जागी तीस वॅटचा नवा बीएलडीसी पंखा लावला, तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त बचत. उन्हाळा-पावसाळा धरून वर्षाचे तीनशे दिवस मोजले, तर १६२ युनिट. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट दहाच्या आसपास पडायचं, म्हणजे १,६२० रुपये. पंखा मिळाला २,९०० ला. पावणेदोन वर्षांत वसूल. जुना पंखा बिघडलाच असता आणि नवा घ्यायचाच असता, तर साध्या आणि या पंख्यातला बाराशे रुपयांचा फरक नऊ महिन्यांत फिटला असता.

इथे एक गंमत आहे, ती बिलाच्या मागच्या बाजूला छापलेली असते आणि कुणी वाचत नाही. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत. पहिली शंभर युनिटं स्वस्त, शंभर ते तीनशेची बरीच महाग, त्यापुढची आणखी महाग. म्हणजे आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या टप्प्यातलं, सगळ्यात महागडं असतं. जो भरपूर वापरतो, त्याला एक युनिट वाचवण्याचं बक्षीसही मोठं मिळतं. जो मुळातच सत्तर-ऐंशी युनिटांत भागवतो, त्यानं तोच पंखा बदलला तर त्याच्या हाती त्याच्या निम्मेच पैसे पडतात. पुढे मावशींची गोष्ट येणार आहे, तिथे हे लक्षात ठेवा.

याच शोधात गॅलरीतला फ्रीज सापडला. सापडला म्हणजे तो होताच, डोळ्यांना दिसत नव्हता इतकंच. नवा घेतल्यावर ‘चालू आहे, टाकवत नाही’ म्हणून जुना गॅलरीत लावून दिला होता, आणि त्यात वर्षानुवर्षं दोन पाण्याच्या बाटल्या, विरजण आणि कधी काळचा आमरस राहत होता. २००६ साली उपकरणांवर तारांकनाची पट्टी सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीचा तो. दोन बाटल्या गार करण्यासाठी आम्ही दरमहा वीज जाळत होतो आणि स्वतःला काटकसरी समजत होतो. वस्तू न टाकणं म्हणजे बचत, ही आमच्या पिढीच्या हाडात मुरलेली समजूत पंख्याला, फ्रिजला, पाण्याच्या मोटारीला लागू पडत नाही. ती गोधडीला लागू पडते.

आता गोधडीचा विषय निघालाच आहे तर सांगते. रविवारच्या पुरवण्यांतून आपल्या आया-आज्या किती पर्यावरणस्नेही होत्या, याची वर्णनं येत असतात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, बोहारणीला कपडे देऊन घेतलेली भांडी, वाण्याच्या सामानाचा दोरा गुंडाळून ठेवलेलं रीळ. हे सगळं खरं आहे, आमच्याही घरात होतं. पण त्याच घरात न्हाणीघरातला बंब लाकूडफाट्यावर पेटायचा आणि सगळा धूर आईच्या डोळ्यांत जायचा. रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभं राहून मी अंकगणिताचा अभ्यास केलेला आहे. ते घर पर्यावरणस्नेही नव्हतं, ओढगस्तीचं होतं. गॅस आला त्या दिवशी आईनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं, ते काही उगीच नाही. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून ज्या बायकांच्या घरी सिलिंडर पोहोचले, त्यांना मागे वळून चुलीचं कौतुक करायला सांगणाऱ्यानं आधी आठवडाभर चूल फुंकून पाहावी.

ओढगस्तीचं कौतुक करायचं नाही, हे मी शिकले ते मात्र घरात नाही. शिकले नोकरीत, आणि ते शिकवणाऱ्या बाईला बरीच किंमत मोजावी लागली.

१९८६ साली सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या एका ग्रामीण शाखेत माझी बदली झाली. वय सव्वीस. ते दिवस गोबरगॅसचे होते. १९८१-८२ पासून केंद्र सरकारनं बायोगॅसची राष्ट्रीय योजना हाती घेतली होती. काही रक्कम अनुदान, उरलेली बँकेचं कर्ज. आम्हाला उद्दिष्टं ठरवून दिलेली असत आणि मार्चअखेर जवळ आली, की ती गाठायची घाई. योजना कागदावर निर्दोष होती. सरपण वाचणार, झाडं वाचणार, बाईचे डोळे वाचणार, शिवाय मळी शेतात खत म्हणून जाणार. आजच्या भाषेत बोलायचं, तर पर्यावरण आणि अर्थकारण यांचं लग्नच लागलं होतं. मी अतिशय उत्साहानं अर्ज मंजूर केले. आजही वाटतं, योजना चांगलीच होती. जिथे गोठा भरलेला आणि विहिरीला पाणी होतं, तिथले संयंत्र वर्षानुवर्षं चालले.

एका घराचा अर्ज मी स्वतः जाऊन पाहून आले होते. दोन घनमीटरचा संयंत्र, दारात पाच जनावरं. दोन घनमीटरला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत, ती होती. कागद पूर्ण. पण त्या शेणात जवळपास तेवढंच पाणी कालवावं लागतं, हे मला माहीत असूनही मी ते पाणी कुठून येणार हे विचारलं नाही. अर्जात तो रकानाच नव्हता. सहा महिन्यांनी तपासणीला गेले, तेव्हा शेगडी निळ्या ज्योतीनं छान पेटत होती. घरची बाई मला चहा देऊन म्हणाली, “ग्यास झकास हाय बाईसायेब. पर आदी पिन्याच्या पान्याच्या दोन खेपा हुत्या, आता चार झाल्या.” नवरा हसला. मीही हसले. तपासणी अहवालात मी लिहिलं, ‘संयंत्र कार्यरत, लाभार्थी समाधानी.’

१९८७ साली पाऊस गेला. देशभर मोठा दुष्काळ पडला, आमच्या भागात तर आधीच आनंद होता. चारा संपला, तशी त्या घरानं एकेक करून जनावरं विकली. शेण गेलं, पाणी तर आधीच गेलं होतं. टाकी कोरडी पडली आणि बाई पुन्हा चुलीपुढे बसली. हप्ता मात्र चालूच राहिला. थकबाकीच्या नोटिशीवर सही करायची वेळ आली, तेव्हा ती माझी होती. नोटीस घेऊन ती बाईच शाखेत आली, नवरा कामाला बाहेरगावी गेला होता. काउंटरवर कागद ठेवून तिनं विचारलं, “जो ग्यास पेटत न्हाई, त्याचं बी पैसं भरायचं का?” माझ्याकडे नियमाप्रमाणे उत्तर होतं आणि ते मी दिलं. तिनं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून काही हप्ते भरले. पुढे माझी बदली झाली. त्या खात्याचं शेवटी काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

या प्रसंगावर मी कादंबरीत काही लिहू शकले नाही. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी स्वतःला त्यात जरा जास्त चांगली रंगवत होते, म्हणून पानं फाडली. पण त्यानंतर कुठलीही ‘हरित’ गोष्ट समोर आली, की मी दोन प्रश्न आधी विचारते. हिच्यासाठी जास्तीचं काम कोण करणार? आणि ती बंद पडली तर हप्ता कोण भरणार?

हे प्रश्न घरातही तितकेच चालतात. नात झाली, तेव्हा मी सुनेला मोठ्या उमेदीनं जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवून दिले. डायपरचा महिन्याचा खर्च किती, तो कचरा कित्येक वर्षं कुजत कसा नाही, हे सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आई, धुणार कोण?” तिला सकाळी आठ वाजता बस पकडायची असते. माझ्या वेळी ते लंगोट माझ्या सासूबाईंनी धुतले होते, मी नव्हे. मी बँकेत होते. हे मला तोवर आठवलंच नव्हतं. शेवटी दिवसा लंगोट, रात्री डायपर अशी तडजोड झाली आणि लंगोट यंत्रात टाकून वाळत घालायचं काम मुलाकडे गेलं. त्यानं ते बरं केलं. कुरकुर केली, पण बरं केलं.

आमच्याकडे ओल्या कचऱ्याच्या खताची टोपली अशीच तीन वेळा सुरू होऊन तीन वेळा बंद पडली. दर वेळी सुरू करायचा निर्णय नवऱ्याचा आणि ढवळायचं काम माझं. चौथ्या वेळी मी सांगितलं, निर्णय आणि ढवळणं एकाच माणसाकडे राहील. तेव्हापासून ती टोपली उत्तम चालू आहे आणि पाहुण्यांना खताचा वास घ्यायला लावला जातो. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हाही घराघरातून कापडी पिशव्या कुणी शिवल्या, धुतल्या आणि बाजारात जाताना कुणी आठवणीनं हातात दिल्या, ते सांगायला नको. घरखर्चाच्या वहीत दूध आहे, वाणी आहे, वीज आहे. वेळ नाही. त्यामुळे जे पैशानं स्वस्त आणि वेळेनं महाग असतं, ते वहीत नेहमी फायद्याचं दिसतं.

असो. गच्चीकडे परत येते. पंखे बदलले, गॅलरीतला फ्रीज भंगारात गेला आणि आमची गरज तीनशेवरून दोनशेसाठच्या आसपास आली. मग तीन किलोवॅट कशाला? दोन किलोवॅटचं दरपत्रक मागवलं. किंमत १,३५,०००, अनुदान ६०,०००, घरचे ७५,०००. मुलगा हळहळला, “तिसऱ्या किलोवॅटचे अठरा हजार सोडून देतेस?” अठरा हजारांचं अनुदान मिळवायला पंचावन्न हजारांची जास्तीची खरेदी करायची, हा हिशेब त्याला फायद्याचा वाटत होता. सेलमध्ये साडी घेणाऱ्या बायकांना हसणारे पुरुष अनुदानापुढे अगदी तसेच वागतात. एक लहान ठेव मोडली, मोठी शाबूत ठेवली आणि नवराही राजी झाला. आता बिल तीन-साडेतीनशे येतं, पावसाळ्यात जरा जास्त. तीन वर्षांत पैसे वसूल होतील असं दिसतं. सकाळी उठून गच्चीवर जाऊन पॅनेल पुसायचं काम अर्थातच निर्णय घेणारीकडे, म्हणजे माझ्याकडे आहे.

मुलाला स्वतःच्या घरी हे जमलेलं नाही. तो पुण्यात सहाव्या मजल्यावर राहतो आणि गच्ची सगळ्यांची आहे. गृहनिर्माण संस्थांना जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पण त्यासाठी आधी सर्वसाधारण सभेत एकमत व्हावं लागतं. सोसायटीच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पुढचं सांगण्याची गरज नाही.

पण खरी अडचण त्या सहाव्या मजल्याच्याही बरीच खाली आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी एका चाळवजा घरात भाड्यानं राहतात. पंखे बदलले, तेव्हा आमचे उतरवलेले दोन जुने पंखे मी त्यांना दिले. चांगले चालू होते. त्याही खूश झाल्या, मीही. दान आणि पुनर्वापर, दोन्ही एकदम. दोन महिन्यांनी त्या ओशाळून म्हणाल्या, “काकू, एक पंखा काढून ठेवला. बिल झेपंना.” तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या बिलाची चौकशी केली. त्यांच्या नावावर मीटर नाही. घरमालकानं खोलीखोलीला पोटमीटर लावलेत आणि तो सरसकट युनिटला बारा रुपये घेतो. मावशींचा वापर शंभर युनिटांच्या आतला. स्वतःचं मीटर असतं, तर सगळी वीज त्यांना सगळ्यात स्वस्त टप्प्यात मिळाली असती. आज त्या माझ्यापेक्षा महाग वीज वापरतात आणि त्या विजेवर मी उतरवलेला पंचाहत्तर वॅटचा पंखा फिरवतात. माझी विजेची उधळपट्टी मी कमी केली नव्हती, दोन गल्ल्या पलीकडे हलवली होती.

सूर्यघर योजनेचं अनुदान मावशींना मिळणार नाही, कारण सूर्य आहे, घर नाही. ते मला मिळालं, आणि मला त्याची गरज मावशींइतकी नव्हती. याचा अर्थ योजना वाईट असा मी काढत नाही. छतावर वीज तयार होणं चांगलंच. पण छत नसणाऱ्यांसाठी तिच्या शेजारी दुसरं काहीतरी हवं. २०१५ मध्ये उजाला योजनेत एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले, तेव्हा काही राज्यांत बल्बची किंमत वीजबिलातून थोड्याथोड्या हप्त्यांनी फेडायची सोय होती. तोच मार्ग पंख्यांना का नसावा? २,९०० रुपये एकदम काढणं मावशींना जमणार नाही. दरमहा शंभर रुपये जमतील, कारण बिलातून जवळजवळ तेवढे वाचतील. बँकांना एवढ्या लहान कर्जात रस नसतो, हे मला आतून माहीत आहे. कागदपत्रांचा खर्चच व्याजापेक्षा जास्त होतो. म्हणून हे बँकेनं नव्हे, वीज कंपनीनं करायला हवं; तिचा वसुलीचा कागद तसाही दर महिन्याला दारात जातोच. अट एकच, पंखा हमीच्या मुदतीत बंद पडला तर हप्ताही थांबला पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या त्या बाईच्या प्रश्नाला माझ्याकडे आता निदान एवढं उत्तर आहे. फार उशिरा आलं.

बिलातून हप्ता कापायलाही आधी बिल नावावर हवं. मावशींना मी नवा पंखा घेऊन देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “पंखा ऱ्हाऊ द्या काकू. तुम्ही बँकेत हुता, तेवढं मीटर मिळवून द्या.” भाडेकरूच्या नावानं जोडणी घ्यायची, तर घरमालकाचं संमतिपत्र लागतं. अर्ज मी भरून ठेवला आहे, सगळे रकाने पूर्ण आहेत, फक्त त्या एका सहीची जागा कोरी आहे. दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी घरमालक घरात नव्हते. दुसऱ्या वेळी होते. त्यांनी चहा दिला, माझ्या कादंबऱ्यांची चौकशी केली आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले.